उभ्या गाडीचा ताशी २०८ किलोमीटर वेग

गाडी जागची हललेली नाही. पुढचे ब्रेक आवळून धरलेत, मागची चाकं गरगरतायत, धुरामुळे मागच्या काचेतून काही दिसत नाही. आणि स्पीडोमीटरचा काटा २०० च्या पुढे गेलाय. हिशेब करून बघा. इंजिन ६,००० आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या), तिसरा गिअर १:१ चा, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.४५ आणि चाकाचा घेर साधारण २ मीटर. चाक मिनिटाला जवळपास १,७४० फेऱ्या मारतं. ताशी २०८ किलोमीटर झाले, आणि गाडी एक वीतही पुढे सरकलेली नाही.

आपल्याला हा आकडा खोटा आहे हे दिसतं. गाडीच्या कॉम्प्युटरला डोळे नाहीत. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय, हे तिथल्या सेन्सरवरून त्याला कळतं. त्या आकड्यावर विश्वास ठेवून तो गिअर बदलतो, वेगमर्यादा लावतो, कधी इंजिनचा जोर काढून घेतो. असं गाडी उभी ठेवून मागची चाकं जागच्या जागी फिरवण्याला बर्नआउट म्हणतात. त्यासाठी, आणि ड्रॅग रेससाठी (उभ्या गाडीतून सुटून सरळ रेषेत पाव मैलाची शर्यत), ऑटोमॅटिक गाडीचं ट्यूनिंग म्हणजे ताकद वाढवणं असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते त्यातलं निम्मं काम वेगळंच आहे: कॉम्प्युटरने कोणत्या आकड्यावर, कधी आणि किती विश्वास ठेवायचा, हे ठरवणं.

आधी ट्यूनिंग म्हणजे नक्की काय ते थोडक्यात. इंजिनच्या कॉम्प्युटरला ईसीयू म्हणतात. त्याच्या मेमरीत शेकडो तक्ते असतात, त्यांनाच मॅप म्हणायची पद्धत आहे. एका तक्त्यात आडवा आरपीएम, उभा इंजिनवरचा भार, आणि चौकटीत स्पार्क किती अंश आधी पाडायचा याचा आकडा. दुसऱ्यात पेट्रोलचं प्रमाण, तिसऱ्यात ॲक्सिलरेटर किती दाबला तर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडायचा. ऑटोमॅटिक गाडीत यांच्या जोडीला गिअरबॉक्सचे तक्ते येतात: कोणत्या वेगाला गिअर पडायचा, तेलाचा दाब किती, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा, त्याबद्दल पुढे) कधी लॉक करायचा. काही गाड्यांत हे सगळं एकाच डब्यात असतं, काहींत गिअरबॉक्सला स्वतःचा वेगळा कॉम्प्युटर असतो आणि दोघे एकमेकांशी सतत बोलत असतात. ट्यूनर लॅपटॉप लावून हे तक्ते वाचतो, आकडे बदलतो आणि परत भरतो. जादू काही नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनातून निव्वळ आकडे बदलून फार मोठी ताकद निघत नाही.

आता बर्नआउट. ड्रॅग रेसमध्ये तो दिखाऊपणासाठी नसतो. स्लिक किंवा ड्रॅग रेडियल या ड्रॅगसाठीच्या खास टायरचं रबर गरम झालं की मऊ आणि चिकट होतं, शिवाय टायरवर चिकटलेली खडी-धूळ निघून जाते. ओल्या पट्ट्यावर टायर भिजवायचे, थोडं पुढे येऊन काही सेकंद फिरवायचे, धूर दिसला की थांबायचं. दुसरा प्रकार निव्वळ बर्नआउटच्या स्पर्धेचा. ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या समरनॅट्समध्ये, टायर फुटेपर्यंत गाडी फिरवणं हीच स्पर्धा असते. हा मेळा १९८८ पासून भरतोय. पहिल्या प्रकारात काही सेकंद, दुसऱ्यात मिनिट-दोन मिनिटं. या दोन्हींसाठी कॉम्प्युटरकडून काय हवं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. त्याकडे पुढे येतोच. आणि हे सगळं बंद ट्रॅकवरचं. रस्त्यावर टायर जाळणाऱ्याला कोणताही मॅप वाचवू शकत नाही.

कंपनीतून आलेली ऑटोमॅटिक गाडी बर्नआउट का करू देत नाही? कारण ती एकेक करून पाच ठिकाणी अडवते.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले की पुष्कळ नव्या गाड्या ॲक्सिलरेटरचं ऐकतच नाहीत. पेडल अडकण्याच्या तक्रारींवरून टोयोटाने २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यानंतर ही सोय सर्रास झाली. सुरक्षेच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. त्यामुळे ती मॅपमधून उडवून टाकण्यापेक्षा लाइन लॉक बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. लाइन लॉक म्हणजे पुढच्या ब्रेकच्या नळीतला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. ब्रेक दाबायचा, बटण दाबायचं, पाय काढायचा. पुढची चाकं जाम राहतात, मागची मोकळी. फायदा असा की पाय ब्रेकवरून निघाल्यामुळे कॉम्प्युटरची तक्रार उरत नाही, आणि मागचे ब्रेकही विनाकारण तापत नाहीत. फोर्डने २०१५ च्या मस्टँग जीटीमध्ये ही सोय कारखान्यातूनच, सॉफ्टवेअरच्या रूपात दिली.

दुसरा अडसर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा. पुढचं चाक शून्यावर आणि मागचं १००वर हे दिसताच तो स्पार्क मागे घेतो, थ्रॉटल मिटतो. बटणाने तो बंद होतो असं आपल्याला वाटतं, पण कित्येक गाड्यांत बटण दाबूनही तो एका मर्यादेनंतर जागा होतोच. तिसरा अडसर वेगमर्यादेचा. कंपनीने मर्यादा १८०ची ठेवली असेल, तर वरच्या हिशेबाप्रमाणे गाडी उभ्या जागी ती ओलांडते आणि इंजिन अचानक गुदमरतं. नवखा माणूस इंधनाचा पंप तपासत बसतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

चौथा अडसर खास ऑटोमॅटिकचा, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त डोकं खाणारा: गिअर आपोआप वर पडणं. गिअर बदलण्याचा तक्ता ॲक्सिलरेटर आणि वेग या दोन आकड्यांवर चालतो. चाकं फिरू लागली की सेकंदाभरात कॉम्प्युटरच्या लेखी गाडी ७० वर पोचते आणि तो दुसरा टाकतो, मग तिसरा. प्रत्येक गिअरला इंजिनवरचा भार वाढतो, आरपीएम खाली येतो, चाकं मंदावतात आणि टायरला पकड मिळते. धूर बंद, आणि गाडी पुढच्या जाम चाकांना ढकलायला लागते. उपाय म्हणजे हाताने निवडलेला गिअर खरोखर धरून ठेवायला लावणं, म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये रेव्ह लिमिटरला (आरपीएमच्या वरच्या मर्यादेला) टेकलं तरी पुढचा गिअर टाकायचा नाही असं सांगणं. बर्नआउट बहुधा दुसऱ्यात करतात. पहिल्यात चाकांचा वेग पुरेसा मिळत नाही आणि इंजिन लगेच लिमिटरवर आदळतं.

पाचवा अडसर तर नावासकट मॅपमध्ये लिहिलेला असतो. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांच्या मॅपमध्ये ‘अब्यूज मोड’ नावाचे आकडे असतात. अमुक वेगाच्या खाली, तमुक आरपीएमच्या वर, इतका ॲक्सिलरेटर, असं जुळून आलं की चालक गाडीचे हाल करतोय असं समजून ईसीयू जोर कापतो. इंजिनिअर लोकांनी तुम्हाला आधीच ओळखलेलं असतं.

आता टॉर्क कन्व्हर्टर, कारण ड्रॅग स्टार्टचा सगळा खेळ तिथे आहे. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो, तेल असतं. बादलीतलं पाणी हाताने जोरात गोल फिरवा. तळाशी ठेवलेली हलकी ताटली पाण्याबरोबर फिरू लागते. हात म्हणजे इंजिनकडचं चाक, ताटली म्हणजे गिअरबॉक्सकडचं. या दोघांमध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक असतं, ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून इंजिनला मदत करतं. म्हणून गाडी उभी असताना कन्व्हर्टर इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दुप्पट करून पुढे देतो. गाडी धरून ठेवून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन ज्या आरपीएमवर जाऊन अडकतं, त्याला स्टॉल म्हणतात. रोजच्या गाडीत तो २,००० च्या आसपास असतो, ड्रॅगसाठीच्या कन्व्हर्टरमध्ये ३,००० ते ४,००० किंवा त्याहूनही वर. ट्यूनिंगने स्टॉल बदलत नाही, तो कन्व्हर्टरच्या पात्यांचा आणि इंजिनच्या टॉर्कचा गुण आहे. ‘मॅपमध्ये स्टॉल वाढवून द्या’ ही मागणी ऐकली की ट्यूनर कपाळाला हात लावतो.

स्टॉलवर धरून ठेवताना ब्रेक कमी पडतात, मागची चाकं सुटतात. म्हणून ट्रान्सब्रेक. गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स दोन्ही एकाच वेळी लावले तर शाफ्ट जागच्या जागी जाम होतो. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी झेपावते. २०१८ च्या डॉज डेमनमध्ये हा प्रकार पहिल्यांदा कारखान्यातून निघालेल्या, रस्त्यावर चालवायच्या गाडीत आला. त्याच्या जोडीला ‘टू-स्टेप’ असतो, म्हणजे उभ्या गाडीपुरता खालचा रेव्ह लिमिटर: स्टेजवर, म्हणजे स्टार्टच्या रेषेवर, ३,००० च्या वर जायचं नाही, सुटल्यावर ६,५०० पर्यंत मोकळीक.

इथे उष्णतेचा हिशेब करायलाच हवा. ३,२०० आरपीएमवर ३०० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १०० किलोवॅट. गाडी हलत नाही, म्हणजे ते सगळे १०० किलोवॅट तेलात उष्णता बनून जातायत. गिअरबॉक्समध्ये ८ लिटर तेल धरलं तर सगळं तेल एकसारखं तापलं तरी दर सेकंदाला सुमारे ७ अंशांनी तापमान चढेल. आणि ते एकसारखं तापत नाही, कन्व्हर्टरमधलं तेल आधी करपतं. स्टॉलवर पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका असं मेकॅनिक का सांगतात, ते यातून कळेल. बर्नआउटमध्ये चाकं फिरत असतात, कन्व्हर्टरची घसरण कमी असते, तेव्हा तिथे तेलापेक्षा टायर आणि इंजिन जास्त तापतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी हौशी ट्यूनिंगमध्ये हटकून चुकते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातला व्यवहार टॉर्कच्या आकड्यात चालतो. इंजिनचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो, त्यावरून ‘मी आत्ता इतके न्यूटन-मीटर देतोय’ असा अंदाज काढतो आणि गिअरबॉक्सला कळवतो. गिअरबॉक्स त्या आकड्याप्रमाणे तेलाचा दाब ठरवतो. आतले क्लच किती जोराने आवळायचे, हे या दाबावर अवलंबून असतं. आकडा खरा असेल तोवर सगळं सुरळीत.

आता कोणी सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवला. काही जीएम कॉम्प्युटरांना सेकंदाला ५१२ ग्रॅमपेक्षा जास्त हवा मोजता येत नाही. त्यावर जुनी युक्ती अशी: हवेचे आकडे निम्मे करायचे, इंजेक्टरचेही निम्मे करायचे, पेट्रोलचं प्रमाण बरोबर राहतं. इंजिन झकास चालतं. पण गिअरबॉक्सला निरोप काय गेला? ‘२५० न्यूटन-मीटर येतायत.’ प्रत्यक्षात ५०० येतात. तो क्लच २५०च्या हिशेबाने आवळतो, क्लच घसरतो, दोन-चार रेसमध्ये त्याचं अस्तर जळून तेलात मिसळतं. मग गाडीवाला म्हणतो, गिअरबॉक्स नाजूक होता. गिअरबॉक्सने दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवला, इतकाच त्याचा गुन्हा. अशा मॅपमध्ये दाबाचे तक्तेही वेगळे वाढवून द्यावे लागतात.

गिअर पडण्याच्या क्षणीही हाच व्यवहार चालतो. एक क्लच सुटतो, दुसरा आवळतो, तेवढ्या वेळात कॉम्प्युटर स्पार्क मागे घेऊन टॉर्क कमी करतो, म्हणजे क्लचला घसरायला कमी वेळ आणि कमी जोर मिळतो. याला टॉर्क मॅनेजमेंट म्हणतात. ते शून्य केलं की गिअर कसा खाडकन पडतो, हे दाखवण्याचा मोह आवरत नाही. पाठीला बसलेला धक्का म्हणजे वेग असं वाटतं. धक्का शाफ्टलाही बसतो, एवढं लक्षात ठेवावं. मी असतो तर ते शून्य न करता कमी करत आणलं असतं, त्याच वेळी दाब थोडा वाढवून गिअर बदलायचा वेळ कमी केला असता, आणि क्लच न घसरता गिअर बसला की तिथे थांबलो असतो.

गिअर कधी पडावा? हुकूम दिल्यापासून गिअर प्रत्यक्ष बदलेपर्यंत वेळ जातो. पहिल्या गिअरमध्ये आरपीएम सेकंदाला २,५०० ने चढत असेल आणि उशीर ०.२ सेकंदाचा असेल, तर त्या काळात ५०० आरपीएम वाढले. ६,५०० ला बदल हवा असेल तर हुकूम ६,००० लाच द्यायला हवा. तिसऱ्यात आरपीएम हळू चढतो, तिथे ६,३०० ला दिला तरी चालतं. सगळ्या गिअरना एकच आकडा भरला की पहिल्यात इंजिन लिमिटरवर आपटतं आणि तिथेच रेस हातातून जाते. आणखी एक. जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये पहिला ३.०६ आणि दुसरा १.६३ असेल, तर ६,२०० वर बदल केल्यावर आरपीएम थेट ३,३०० वर येतो. आठ गिअरच्या झेडएफ बॉक्समध्ये पहिला ४.७१ आणि दुसरा ३.१४, तिथे तो ४,१३० च्या आसपासच थांबतो. म्हणून जुन्या बॉक्सला ताकदीचं शिखर ओलांडून थोडं पुढे खेचावं लागतं, नव्याला तेवढं नाही.

पेट्रोल आणि स्पार्कबद्दल खूप लिहिलं जातं, मी थोडक्यात आवरतो. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. पूर्ण ॲक्सिलरेटरवर हे प्रमाण १२.५ च्या आसपास ठेवतात, टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर त्याहून दाट, म्हणजे पेट्रोल अजून थोडं जास्त. ते मोजायला एक्झॉस्टमध्ये बसवायचा वाइडबँड सेन्सर लागतो, कंपनीच्या साध्या सेन्सरवर विसंबू नये. स्पार्कचं म्हणाल तर ६,००० आरपीएमला क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, आणि मिश्रण जळायला वेळ लागतोच, म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. जास्त आधी पाडली तर मिश्रण आपोआप भडकतं, त्याला नॉकिंग म्हणतात, आणि ते पिस्टन फोडू शकतं. नॉक सेन्सरचं काम धोक्याची घंटा वाजवण्याचं. तो बंद करून मॅप ‘बसवणाऱ्या’ माणसाकडे गाडी देऊ नये.

बर्नआउटच्या स्पर्धेत मात्र प्रश्न ताकदीचा नसून टिकण्याचा आहे. गाडी उभी किंवा जागच्या जागी फिरणारी, रेडिएटरला समोरून वारा नाही, आणि इंजिन मिनिटभर लिमिटरवर. इथे पंखे लवकर आणि पूर्ण वेगाने सुरू व्हावेत असा तक्ता बदलतात. आत येणारी हवा तापली की स्पार्क आपोआप मागे घेणारा तक्ता असतो, तो शाबूत ठेवतात. रेव्ह लिमिटरचा विचार वेगळा करावा लागतो. पेट्रोल तोडणारा लिमिटर इंजिनला झटके देतो. स्पार्क तोडणारा आवाज भारी काढतो, पण न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवतं. आणि ड्रॅगसाठी ठेवलेला शिखरापर्यंतचा स्पार्क इथे दोन-तीन अंशांनी मागे घेतलेला बरा. दहा-बारा सेकंद सहन होणारी गोष्ट इंजिनला मिनिटभर सहन होत नाही.

म्हणून ‘एकाच मॅपमध्ये दोन्ही करून द्या’ हे मला पटत नाही. ड्रॅगच्या मॅपला गिअर झटपट आणि आपोआप बदलायला हवा, बर्नआउटच्या मॅपला तो मुळीच बदलायला नको. एकाला शेवटचा न्यूटन-मीटर हवा, दुसऱ्याला थंडावा. दोन फाइली ठेवाव्यात, नाहीतर निदान ड्राइव्हमध्ये ड्रॅगचं आणि मॅन्युअल मोडमध्ये बर्नआउटचं वागणं अशी वाटणी करावी. आणि टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) बर्नआउटमध्ये बंदच ठेवावा. तो महामार्गावर पेट्रोल वाचवण्यासाठी दिलेला असतो.

शेवटी डेटा लॉग, म्हणजे गाडी चालताना कॉम्प्युटरमधून नोंदवून घेतलेले आकडे. रेसच्या पावतीवर पहिल्या ६० फुटांची, म्हणजे १८.३ मीटरची वेळ छापलेली असते. ठोकताळा असा की तिथे वाचलेला ०.१ सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण ०.१५ सेकंद होतो. त्यामुळे लॉगमध्ये मी आधी वरच्या टोकाची ताकद बघत नाही. पुढच्या चाकाचा वेग आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून काढलेला वेग, या दोन रेषा एकावर एक काढतो. बर्नआउटच्या भागात एक रेष तळाशी पडून असते आणि दुसरी १३०वर. ते ठीकच. स्टार्ट घेतल्यावर मात्र त्या लगेच एकत्र यायला हव्यात. पहिल्या १८ मीटरमध्ये शाफ्टची रेष सुटून वर गेली असेल तर टायर घसरलाय आणि पुढचे सगळे आकडे त्या खोट्या वेगावर उभे आहेत, दुसरा गिअरसुद्धा त्यामुळेच लवकर पडलेला असतो. तेव्हा पहिल्या गिअरपुरता टॉर्क थोडा कापायचा, टायरमधली हवा जरा कमी करायची, बाकी एकाही आकड्याला हात लावायचा नाही, आणि पुन्हा रांगेत जाऊन उभं राहायचं.